कात्री माझ्या थैलीत

आज कोणी वेलीला हात लावायचा नाही,
असं नेव्हेंकाने सकाळीच बजावलं
आणि सिरिलच्या खिशातली छाटणीची कात्री काढून
माझ्या थैलीत टाकली, पावाखाली.

थैली जुनी आहे, पोस्टाची.
एकतीस वर्षं या खोऱ्याची पत्रं तिच्यातून फिरली :
विजेची बिलं, लग्नांची आमंत्रणं,
त्रिएस्तला कामाला गेलेल्यांची दोन ओळींची कार्डं,
आणि एकदा, भोकं पाडलेल्या डबीत, जिवंत राणीमाशी;
ती पत्ता येईपर्यंत माझ्या कमरेशी गुणगुणत होती.
आज पाव, वाऱ्यावर वाळवलेलं मांस, अक्रोडाची गुंडाळी,
चुरगळलेल्या कागदात मीठ.
आणि तळाशी कात्री,
रुसून.

मळ्याच्या वरच्या टोकाला चेरीचं झाड आहे.
त्याखाली चादर.
आमच्याकडे कौलांवर दगड ठेवतात, बुर्या सुटतो म्हणून;
तो वारा उभा ट्रक आडवा करतो.
आज तो नानोस डोंगरापलीकडे पाय पसरून पडलाय,
पान हलत नाही.
तरी नेव्हेंकाने चादरीच्या चार कोपऱ्यांवर
चार दगड ठेवलेच.

सिरिलला नुसतं बसता येत नाही.
तो बसतो तेही निघाल्यासारखा.
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून
ओळींकडे बघत राहतो,
शाळेबाहेर लेकराची वाट बघावी तसा.
काढणीला आठवडा आहे. कदाचित नऊ दिवस.
ही द्राक्षं पिकली तरी हिरवीच;
डोळ्यांना काही सांगत नाहीत,
बी दाताखाली फुटली की कळतं.
"एकच मणी," तो म्हणतो.
"नाही," नेव्हेंका म्हणते, आणि त्याच्या तोंडात
पावाचा तुकडा घालते.

मग याका दिसेनासा झाला.
सहा वर्षांचा नातू, शोधायला फार लांब जावं लागलं नाही :
तिसऱ्या ओळीत, हात पाठीमागे बांधून,
मान वर करून
घडाला थेट तोंड लावून उभा.
हनुवटीवरून रस, शर्टावर रस, रसावर गांधीलमाशी.
"मी हात नाही लावला,"
तो म्हणाला, आणि आमच्यापैकी कुणालाच
उत्तर सुचेना.
सिरिल असा हसला की त्याला खोकला आला,
पाणी द्यावं लागलं,
पाण्यात थोडी गेल्या वर्षीची वाईन.

"बिया कशा होत्या रे?" त्याने हळूच विचारलं.
"गिळल्या."

दुपारी बोलणंही सुटत गेलं.
खालच्या गावात बाराची घंटा झाली, उशिराने दुसऱ्या गावातली,
दोन चर्चांचं एकमत कधी झालेलं नाही.
कुत्रीने, पिका तिचं नाव, मांसाची साल पळवली
आणि कुणीही तिला ओरडलं नाही.
मी बूट काढले.
या उतारावर मी कधी अनवाणी आले नव्हते;
मळ्याला पत्रपेटी नसते,
इथे मला कुणी काही पाठवलंच नव्हतं.
माती भुसभुशीत, खाली उबदार, मधेच धारदार खडा.

सिरिल झोपला.
झोपेत त्याची बोटं चालू होती,
अंगठा आणि तर्जनी,
काहीतरी वळवत, गाठ मारत, सोडत.

माझाही डोळा लागला असावा.
उघडला तेव्हा ऊन चेरीखालून सरकून
माझ्या पायांवर आलेलं,
आणि नेव्हेंका जागेवर नव्हती.
ती पहिल्या ओळीशी उभी, पाठमोरी.
एका घडावर सावली धरून बसलेलं पान
तिने देठाशी नखाने खुडलं. मग शेजारचं.
मग एक मणी तोंडात टाकून
ती बराच वेळ चावत राहिली, डोळे मिटून.

वळली तर मी बघत होते.

नेव्हेंकाने पानं एप्रनच्या खिशात घातली.
मी टोपी चेहऱ्यावर ओढली.
एकतीस वर्षं, बाई,
मी कुणाचं पाकीट उघडलेलं नाही.