तिसरी पाळी, कुपवाड

हळदीच्या जुन्या गोदामात आम्ही चौघं.
फरशीत पिवळं अजून मुरलेलं.
भरमूनं टाच आपटली की उडतं,
आधी शिंका येतात, मग सूर.

गिटार मुबीननं घडवली, मिरजेत,
जिथं माळ्यावर सतारीचे भोपळे वाळतात.
बाप म्हणाला, तुणीच्या लाकडाला वीज लावतोस?
तीन दिवस अबोला.
चौथ्या दिवशी घोडी त्यानंच बसवून दिली,
ओरडा हवं तेवढं,
पण तार खोटी बोलता कामा नये.

ड्रम म्हणजे ग्रीसची दोन पिंपं
आणि सुवर्णा, सूतगिरणीतली.
मशीननं तिचं बोट नेलं तेव्हा
रजिस्टरात एकच शब्द पडला: निष्काळजीपणा.
आमचं गाणं तेवढंच आहे.
निष्. का. ळ. जी. प. णा.
सहा ठोके, नऊ बोटांचे.

गातो मी. म्हणजे बोंबलतो.
भट्टीपुढं दिवसभर कुणाचं कुणाला ऐकू येत नाही,
ओठ वाचून भागवतो आम्ही.
"होय साहेब" तर
पाठमोऱ्या माणसाचंही वाचता येतं.

काल रात्री हवालदार आला.
काही न बोलता पिन उपसली.
मुबीनची तार मेली, माझा माईक मेला,
मी नुसताच तोंड उघडून उभा.
पिंपं वाजतच राहिली.
पिंपांना कुठली पिन?

शेवटी वैतागून त्यानं डायरी काढली.
नाव सांगा तुमच्या पार्टीचं.

सुवर्णानं सांगितलं.
तो लिहायला लागला.
ती वाकून बघत होती,
म्हणाली, साहेब,
ल नाही.
ळ.