अक्षरामागे पंचेचाळीस

सोलापूर रस्त्याला, कबरस्तानाच्या भिंतीशी
गफूरभाई दगड कोरतात.
अक्षरामागे पंचेचाळीस रुपये.
काना-मात्रा फुकट, जोडाक्षराला दीडपट,
क्रूस हवा तर त्याचा हिशेब वेगळा.

आम्ही तिघं उभे. माझ्या हातात वहीचा कागद,
माझ्याच अक्षरात:
गमलिएल शांतवन रणभीसे.
खाली जन्म, त्याखाली मृत्यू,
आणि चौथी ओळ कोरी.

गुरुवार पेठेतल्या छापखान्यात बाबांनी
छत्तीस वर्षं खिळे जुळवले.
भाकरी मोडता मोडता म्हणायचे,
एक मात्रा निसटली की मत बदलतं,
मत बदललं की सभा फुटते,
आणि शिव्या कंपोझिटरला.

मला वाटलं होतं, चौथी ओळ सोपी आहे.
पिता, पुत्र, पवित्र आत्मा,
रविवारी उभं राहून सगळे म्हणतो तेच.

नथनेल म्हणाला, नाही.
गेली नऊ वर्षं तो खांद्याला बॅग लावून
वानवडीत दारोदार बेल वाजवतो.
पुत्र घडवलेला आहे, म्हणाला,
सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर,
पण घडवलेला.
बागेत रात्री गुडघे टेकून जो घामाघूम झाला
तो काय स्वतःशीच बोलत होता, ताई?

सगुणामावशीनं छत्रीचं टोक आपटलं.
घोरपडीच्या हॉलमध्ये या एकदा दोघं.
पिता निराळा, पुत्र निराळा, असं काही नाहीच.
नाव एकच. त्याच एका नावात मी पुन्हा
पाण्यात गेले, बासष्टाव्या वर्षी,
सिंटेक्सच्या टाकीत, गुडघेदुखीसकट.
येशू एवढंच कोरा.
दोन अक्षरं. नव्वद रुपये.

मी म्हणाले, एकतत्त्व.
शब्द पाठ होता.
लहानपणी शास्त्रवर्गात उबाळे पाळकांनी
पाणी, बर्फ आणि वाफ सांगून समजावला होता.
नथनेलनं तेव्हा विचारलं होतं,
बर्फ झाल्यावर पाणी कुठे जातं?
आणि पट्टी खाल्ली होती.
मी हात वर केला नव्हता.
प्रश्न मलाही पडला होता.

गफूरभाई छिन्नी पुसत ऐकत होते.
त्यांच्याकडे ईसा म्हणतात, नबी म्हणतात,
पण तो विषय त्यांनी काढला नाही.
चहा सांगू का, विचारलं.

चहा आला तेव्हा फोन वाजला.
बाबांचा फोन, तो आता नथनेलच्या खिशात असतो.
पलीकडे नगरची थोरली आत्या,
वय अठ्ठ्याऐंशी, कानानं अर्धी,
आणि ओरडून बोलणारी, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं:
गमल्या, तुझा आवाज ऐकला, बरं वाटलं रे.
ही पोरं म्हणत होती तू गेलास.

नथनेल गप्प.
कप त्याच्या हातात तसाच.
मी नाही तो, मी त्याचा मुलगा,
एवढं सांगायला त्याला काय लागतं?
नऊ वर्षं उंबऱ्या-उंबऱ्यावर तो हेच तर सांगतो.

हो अक्का, म्हणाला. जेवलीस का?

अक्का फक्त बाबा म्हणायचे तिला.
मग भाकरीचं, पायाच्या सुजेचं, शेवग्याच्या झाडाचं
चार मिनिटं बोलणं झालं.
मावशीनं भर सावलीत छत्री उघडली
आणि तोंडापुढे धरली.
मी त्याच्या हनुवटीकडे पाहत राहिले.
बाबांचीच.
पण ती सायकलवरून पडल्याची खूण बाबांना नव्हती.

फोन ठेवल्यावर कुणी काही म्हणालं नाही.
खोटं बोललास, असं मी त्याला
अजूनही म्हणालेले नाही.

गफूरभाई म्हणाले, चौथ्या ओळीची जागा सोडतो.
मोकळ्या जागेचे पैसे नसतात.
ठरेल तेव्हा या.

नथनेलनं माझ्या हातातला कागद घेतला,
एकदा डावीकडून वाचला,
एकदा उजवीकडून, बाबा वाचायचे तसा,
आणि कानामागची गफूरभाईंची पेन्सिल मागून
आडनावातली माझी दुसरी वेलांटी खोडली,
पहिली दिली.