माय ताई

माझा भाऊ उखर्डू. जहाजावर त्याला नुसतं 'डू' म्हणायचे.
सात वर्षं परक्या लोकांचे प्याले भरले,
आठव्या वर्षी भुसावळला उतरला
एक बॅग, पितळेचं एक चिमुकलं माप
आणि पाठीत चमक घेऊन.

जामनेर रोडला फेगडेशेठचं परमिट रूम.
मे महिना. पारा सत्तेचाळीस.
कुलरसमोर माणसं रम पीत होती
काढा प्यावा तशी, डोळे मिटून.
डू म्हणाला, शेठ, हिला जरा माणसात आणतो.

रात्री घरी यादी सांगितली.
दोन जातींची रम, लिंबू, कुटलेला बर्फ,
संत्र्याच्या सालीची दारू, बदामाचं सरबत.
माय म्हणाली, बदाम?
तुह्या बारशाले साखर उसनी आनली होती मी.

मग पालच्या बाजारातून चारोळी आली.
मायनं भिजवली, पाट्यावर वाटली,
जुन्या लुगड्याच्या पदरातून पिळली.
दूध निघालं वाळूच्या रंगाचं.
ते पाकात, आणि वर शेजारच्या लग्नातलं
उरलेलं गुलाबपाणी, दोन थेंब.
तिसरा नको, म्हणाली, वऱ्हाडावर शिंपडल्यासारखं होईल.

संत्री माझ्याकडे होती.
सालीला पांढरं राहू द्यायचं नाही, कडू होतं.
आठ दिवस नखं पिवळी.
लोणच्याच्या बरणीत रम ओतली
तेव्हा बरणीला आधी मोहरी आठवली,
मग हळूहळू विसरली.

फैजपूरकडून वारा आला की मळीचा वास यायचा.
डू म्हणायचा, हीच तर ती. उसाची उरलेली.
साखर सगळी लोकांकडे गेली,
आणि जे काळं मागे राहिलं ते पिंपात बसून शहाणं झालं.

मी विचारलं, हे पहिल्यांदा केलं कुणी?
म्हणाला, अमेरिकेत दोन हॉटेलवाले होते म्हणे.
दोघंही म्हणायचे मीच, आणि दोघंही त्याच हट्टात गेले.
म्हटलं, आपल्या भरतासारखंच.
आसोदा म्हणतं आमचं, बामणोद म्हणतं आमचं,
वांग्याला कोण विचारतं?

नाव सांगितलं तेव्हा माय पोत्यातला बर्फ कुटत होती,
धुण्याच्या मोगरीनं. थांबली.
काय? माय ताई?
दारूले आमचं दोघींचं नाव?
तो समजावत राहिला, अगं, तिकडच्या बेटावरची भाषा,
तिच्यात त्याचा अर्थ झकास.
मग झकासच म्हन ना, ती म्हणाली, आणि पुन्हा कुटायला लागली.
पलीकडून शेजारीण ओरडली, एवढ्या राती कोनाचं धुनं?

फळ्यावर खडूनं लागलं, माय ताई, दीडशे.
तिसऱ्याच दिवशी एक जण खिदळत म्हणाला,
एक माय आण आणि दोन ताया.
डूनं त्याची खुर्ची त्याच्यासकट दारापर्यंत नेली.
शेठनं 'माय' पुसून 'मे' केलं.
म्हणाला, राहू दे. महिन्यापुरतंच आहे.
पावसाळ्यात कोण पितंय.

पण पहिला प्याला निघाला तो आमच्या ओट्यावर,
त्या बर्फाच्या रात्री, स्टीलच्या ग्लासात.
पिळलेल्या लिंबाची वाटी त्यानं बर्फावर उपडी ठेवली,
तिच्यात पुदिन्याची काडी खोचली.
हे बेट, म्हणाला, आणि हे त्यावरचं झाड.

माय बघत राहिली.
मग म्हणाली, हे तं आपली डांगरवाडी.

तापीच्या मधोमध, वाळूवर.
बाप तिथं खोप करून राहायचा होळीपासून,
एकच बाभूळ होती सावलीला.
धरणाचे दरवाजे मिटले त्या साली
वेल, खोप, बाभूळ,
सगळ्यावरून पाणी सरळ गेलं.
बापानं नंतर डांगर कधी तोंडात घातलं नाही.

तिनं घोट घेतला नाही. नुसता पुदिना हुंगला
आणि ग्लास पुढ्यात ठेवून बसली.
ओट्याचा दगड अजून भाजत होता.
बर्फ भराभरा वितळला, पाणी वर चढलं,
काडी कलली,
लिंबाची वाटी मात्र तरंगत राहिली.

बुडत नाही रे, ती म्हणाली.
हे जहाजावर शिकला वाटते.