अजनी, क्वार्टर नंबर सदतीस

मुनियांच्या दाण्यातून सांडलेलं बी
नहाणीमागे उगवलं, पुरुषभर वाढलं.
भांग आहे, लांजेवारांना ठाऊक.
उद्या उपटू म्हणता म्हणता
मारबत निघून गेली.

अश्विनात दिवस आखडले.
भिंतीच्या सावलीतल्या फांद्यांना
पांढरे केस फुटले, चिकट, उग्र वासाचे.
रस्त्याकडच्या मात्र
नव्या एलईडीखाली
नुसती पानंच काढत बसल्या.

"अंधार लागते तिले," ते म्हणाले,
"सलग. मधात कोनं उजेड नाई दाखवाले पायजे."

एकतीस वर्षं रात्रपाळी,
हातात हिरवा कंदील.

परवा खांबावरचा दिवा गेला.
सकाळी तक्रार घेऊन
सगळी लाईन महापालिकेत निघाली.
लांजेवार तेवढे
उन्हं वर आली तरी
घोरत होते.