उणे ऐंशी

तार्तूत जानेवारीत साडेतीनलाच दिवे लागतात.
शीतपेटीचं दार उघडलं की थंडीचा धूर येतो अंगावर,
हातमोज्यातूनही बोटं बधिरतात.
खण सात, रांग तीन, नळी एकोणीस:
तिथे हेल्दुर आहे.
म्हणजे दोन मिलिलिटर हेल्दुर.
बाकीचा खाली बाकावर बसलाय,
टोपी गुडघ्यावर,
बुटांचा बर्फ वितळून फरशीवर तळं झालंय.

अकरा वर्षांपूर्वी त्यानं रक्त दिलं ते हृदयासाठी.
बहीण झटक्यानं गेली होती,
म्हणाला, पुढच्यांच्या कामी येईल.
फॉर्मवर खाली, बारीक अक्षरांत होतं
'व इतर संशोधन'.
त्या 'व'मधून आता एक प्रकल्प आत शिरलाय:
पुरुषाला पुरुष आवडतो
हे गुणसूत्राच्या कुठल्या वळणावर ठरतं.
पत्रं मीच छापली, पाकिटं मीच चिकटवली.

"यादी होणार का?" तो विचारतो.
नाही हो. नावं नसतात, फक्त आकडे.
तो हसतो. समोरचे दोन दात नाहीत.
"छावणीतही मला आकडाच होता."

एकोणऐंशी साली त्यांच्याकडे वही होती.
तिच्यात एन्नोचं नाव याच्या नावाच्या वर.
एन्नो टेलिफोनच्या तारा ओढायचा, खांबावर चढून
बेसूर शिट्टी वाजवायचा.
एवढंच सांगतो, पुढचं नाही.
"तेव्हाही एक डॉक्टर आला होता कारण शोधत.
माझ्या आईला विचारलं,
लहानपणी बाहुल्यांशी खेळायचा का?
आई म्हणाली, बाहुली घ्यायला पैसे होते कुणाकडे!"

मी त्याला कॅर्टचं म्हणणं सांगते.
प्रकल्प तिचाच आहे. तिच्या टेबलावर
तिच्या बायकोचा फोटो आहे, स्कीवर पडलेला.
ती म्हणते, जन्मजात आहे हे एकदा सिद्ध होऊ दे,
मग कोण म्हणेल ही थेरं आहेत?

"जन्मजात म्हटलं की सोडतात?
जन्मजात तर फाटलेला ओठही असतो, बाई.
तो शिवतात."

खिडकीबाहेर एमायोगी गोठलीय.
नावाचा अर्थच आईनदी.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मला वाटतं, विचारावं.
आधी फक्त बघावं,
विचारणाऱ्याच्या खांद्यावर फावडं आहे का.

हे मी बोलत नाही.
मला सातवा महिना आहे.
तपासणीचे कागद आले, सगळं ठीक,
तेव्हा मी पेढ्यासारखी बातमी वाटत फिरले.
कुणालाही विचारलं नाही
की सगळं म्हणजे काय काय पाहिलंत,
आणि ठीक नसतं तर
मला काय विचारणार होतात.

"हृदयापुरतं ठेवता येईल?"
फॉर्मवर दोनच चौकोन आहेत:
ठेवा. नष्ट करा.
तो चष्मा शोधतो, सापडत नाही, तसाच वाकतो.
पेनानं तिसरा चौकोन काढतो,
थरथरता, एका कोपऱ्यात उघडाच राहिलेला,
आणि त्यात खूण करतो. शेजारी लिहितो: हृदय.
टोपी घालतो.
मुलगा की मुलगी, विचारत नाही,
फक्त म्हणतो, बाहेर निसरडं आहे, जपून.

संगणक तो चौकोन वाचणार नाही.
तीन आठवडे झाले,
कागद माझ्या खणात आहे.
मी तो अजून स्कॅन केलेला नाही.