मागचा डावा पाय

पांढरे हातमोजे चढवले की मी कुणाची कुणी नसते.
दिवा खाली ओढायचा. भिंग, मऊ ब्रश, फॉर्म.
निप्पोनबाशीच्या मागच्या गल्लीतल्या या दुकानात
रोज तीस-चाळीस यंत्रमानव
माझ्यापुढे उताणे होतात.

हा आला वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्याशिवाय.
आणणारे मोरिवाकी. वय त्र्याहत्तर. व्यवसाय: निवृत्त.
टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली
आणि माझ्या हातांकडे बघत बसले,
रोगी डॉक्टरकडे बघतो तसं नाही,
सुतार दुसऱ्या सुताराकडे बघतो तसं.

आधी माणूस-रूप.
छातीचा मुलामा शाबूत, कडांना काळवंडलेला.
खांद्याचं पांढरं प्लास्टिक उन्हानं पिवळं,
जुन्या दातासारखं.
उजवी मूठ आहे. डावी मूठही आहे, हे क्वचित.
तलवार नाही.
कपाळावरचा स्टिकर एका कोपऱ्यात उचकटलेला,
कुणीतरी जिभेनं ओला करून पुन्हा दाबलेला.

मग रूपांतर.
कमरेत अर्धा फेरा. हात आत. डोकं पोटात.
छाती उघडते, आतून जबडा.
टक्. टक्.
दर टक्‌ला आजोबांचा अंगठा
टोपीच्या कडेवर जरासा वळायचा,
माझ्या अर्धा क्षण आधी.

चारी पाय टेकवून लांडगा काचेवर उभा केला.
हळूच, लाजल्यासारखा,
त्याचा मागचा डावा पाय खचला.

मी लिहिलं: सांधा सैल. वापरामुळे झीज. श्रेणी क.

"झीज नव्हे," ते म्हणाले.

मी मान वर केली नाही. असं सगळेच म्हणतात.

"तो साचा माझा.
हिगाशी-ओसाकात आमचा कारखाना, तीन माणसं, एक लेथ.
दुसऱ्या दिवशी साचा द्यायचा होता.
रात्री दोन वाजता कानशीचा एक हात जास्त पडला.
एकच.
पोलाद परत भरून येत नाही, बाई.
सकाळी पुसला, तेल लावलं, दिला पाठवून.
कुणी काही बोललं नाही. पगारही वाढला.
हजारो लांडगे लंगडे केले मी.
तुम्ही झीज लिहिलंत
की आळ पोरांवर जातो."

पेन खाली ठेवलं.
तिसरीत असताना हा माझ्याकडे नव्हता,
शेजारच्या इकुताकडे होता.
त्याच्या पाठीचा उतार बघून आम्ही ठरवलं होतं,
खोक्यावर काही का लिहिलेलं असेना,
हा लांडगा नव्हेच, तरस आहे.
लांडगे काय, सगळ्यांकडे असतात.
इकुताची बहीण रात्री त्याला
बुटांच्या कपाटात कोंडायची,
हसतो म्हणून.

सांगितलं मी. पण दुकानाच्या आवाजात:
"काही ग्राहक याला तरस समजत."

"तरस?"
त्यांनी भिंगासाठी हात पुढे केला.
द्यायचं नसतं. दिलं.
बराच वेळ ते त्या पाठीवरून खाली उतरत राहिले.
"तरसाचा मागचा पाय असा असतो?"
"आखूड असतो."
"डावाच?"
"दोन्ही."

"म्हणजे," ते म्हणाले, "उजवा चुकला."
आणि हसले नाहीत. खरोखर हिशेब करत होते.

मी 'वापरामुळे झीज' खोडलं,
खोडल्याजागी माझा शिक्का मारला,
बाजूला लिहिलं: मागचा डावा पाय, मूळचाच असा.
श्रेणी तीच. तलवार नाही ती नाहीच.
चार हजार दोनशे येन.

घासाघीस केली नाही. नोटा दोनदा मोजल्या.
फॉर्मची प्रत मागितली,
घडी घालून टोपीच्या अस्तरात सरकवली.
लांडग्याकडे वळून बघितलं नाही.

दारापर्यंत जाऊन मात्र परत आले.
वाटलं, आता म्हणतील, राहू दे, विकायचा नाही.
"तो पेपर," ते म्हणाले,
"आजचा आहे. वाचायचा राहिलाय."