बोट दाखवतो का?

कागदावर वीस प्रश्न होते.
अंगणवाडीच्या रेश्माताईंनी दिला, लसीच्या कार्डात घडी घालून,
म्हणाल्या, "घाबरायचं नाही, भरून बघा नुसतं."
मी उद्यमनगरात तपासणीच्या टेबलावर बसतो.
दिवसाला चारशे बुश माझ्या हाताखालून जातात:
गेज आत गेला तर पास,
नाही गेला तर लाल खडू.
असा कागद भरायला मला किती वेळ लागावा?

तीन रात्री लागल्या.

हाक मारल्यावर वळून बघतो का?
पद्मजा म्हणाली, बघतो की.
मी म्हटलं, कधी?
मग दोघंही गप्प.
मोरीतला नळ ठिबकला की बघतो,
शेजारी मिक्सर लागला की कान झाकून पळतो,
"पार्श्व" म्हटलं की
जणू पलीकडच्या गल्लीत कुणीतरी
दुसऱ्याच कुणाला हाक मारतंय.

आई तडकली:
"जयसिंगपूरचा तुझा मामा चार वर्षांचा होईतो मुका होता,
आता मार्केट यार्डात गुळाचे सौदे ओरडतोय.
कागद घाल चुलीत."
पण तोच मामा फळीवरच्या लाडवाच्या डब्याकडे
बोट करकरून रडायचा,
हेही तिनंच मला सांगितलेलं.
मी नेमका त्या ओळीवर अडकलो होतो.

रविवारी पोराला खांद्यावर घेऊन गंगावेशीत गेलो.
म्हशी उभ्या होत्या, पेल्यात धार पडत होती.
"ती बघ म्हैस," मी बोट केलं.
त्यानं माझं बोट बघितलं.
अगदी बारकाईनं: नखातलं काळं ग्रीस,
पेरावरचा जुना व्रण.
परत दाखवलं. तिसऱ्यांदा.
गवळी म्हणाला, "पोरगं लई शांत हाय की."
दूध माझं मीच प्यालो.

सीपीआरमधल्या डॉक्टरबाई माझ्याहून धाकट्या.
मी विचारलं, पास का नापास?
"ही चाळणी आहे, चौगुले, निकाल नाही.
चाळणीवर राहिलं ते टाकायचं नसतं,
हातात घेऊन नीट बघायचं असतं.
दीड वर्षाचा आहे, लवकर आलात."

लवकर.
हा शब्द मी कारखान्यात रोज वापरतो.
भेग पहिल्या कापाला दिसली तर पुढची मजुरी वाचते,
पण तिथं आम्ही तो नग भंगारात टाकतो,
असं काहीतरी मला बोलायचं होतं.
त्या पुढची तारीख लिहीत होत्या.

बिंदू चौकात रिक्षा अडकली.
तो माझ्या मांडीवर एकदम स्थिर,
कुठंतरी बघत.
मी मान वाकवून माझे डोळे
त्याच्या डोळ्यांच्या ओळीत आणले.
रसवंतीचं चाक.
एक घुंगरू तुटलेलं,
त्या रिकाम्या जागेतून दर फेऱ्याला
ऊन एकदा चमकून जायचं.

"काय बघताय दोघं?"
पद्मजानं विचारलं.